करड्या शाईचा प्रिंटर आणि आमच्याकडची लाईन : एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

सहा शायांचा टँकवाला प्रिंटर घेतला तो करड्या शाईसाठी. आर्वी तालुक्यात आमचा स्टुडिओ आहे आणि जुन्या फोटोवरून तेरवीसाठी कृष्णधवल तसबीर करून देणं हे आमचं नेहमीचं काम. आधीचं चार शायांचं मशीन रंग मिसळून करडा बनवायचं. ट्यूबलाइटखाली ठीक दिसणारा फोटो उन्हात नेला की हिरवट. एका ताईंनी विचारलंच, "भाऊ, आईचं पातळ पांढरं होतं, हे हिरवं कामून दिसून राहिलं?" करडी शाई असली की मधल्या छटांना रंगीत शाई कमी लागते, झाकही कमी येते. हिवाळाभर तसंच झालं, मी खूश होतो.

मग मे महिना आला. छापता छापता लाईन, म्हणजे वीज, गेली ती रात्रभर आलीच नाही. बटणाने बंद केलं की हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, आपल्या झाकणावर जाऊन बसतं. लाईन गेली की ते जिथे असेल तिथेच उघडं राहतं आणि आमच्याकडच्या कोरड्या हवेत शाई सुकते. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत आजोबांच्या गालावर बारीक आडव्या रेघा. नोझल चेकमध्ये, म्हणजे शाईची बारीक छिद्रं चालू आहेत का ते पाहायच्या चाचणी पानात, करड्याचा नमुना इतका फिका असतो की घरातल्या उजेडात तुटलेल्या रेषा दिसतच नाहीत. कागद दारात उन्हात धरला तेव्हा समजलं.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, "लोकल शाई टाकली असेल," आणि "मशीन नागपूरला आणा." शाई अस्सल, पावती माझ्याजवळ. आणि भरलेल्या टँकचं मशीन आडवंतिडवं करायचं नसतं, ते एसटीत कसं न्यायचं? वॉरंटीत माणूस गावात येत नसेल तर विकतानाच सांगा. याचा राग अजून आहे.

तेव्हा मशीन विकायचं ठरवलं होतं. आता ते मत राहिलं नाही. हेड क्लीनिंग लागोपाठ न करता मध्ये रात्रभर थांबून केलं, तेव्हा करडा हळूहळू परत आला. लागोपाठ केलं की शाई जाते आणि वाया शाईचा डबाही भरतो. त्यानंतर प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर घेतला. छापताना तो पंख्यापेक्षाही कमी वीज खातो, ताण पडत नाही. लाईन गेली तरी चालू पान पूर्ण होतं, मग बटणाने बंद. उन्हाळ्यात तो कुलरच्या खोलीत ठेवतो, थेट झोतात नाही. काम नसलं तरी दर आठवड्याला एक फोटो छापतोच.

बाकी सेटिंगचं थोडक्यात. ग्लॉसी कागदाला ग्लॉसीच निवडा. साधा कागद निवडला तर मशीन दुसरी काळी शाई वापरतं आणि ती बोटाला लागते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत शून्य ते शंभर टक्के, पाच-पाचच्या टप्प्यांची पट्टी छापून पाहा. माझ्या कागदावर नव्वदच्या पुढचं सगळं एकच काळं येत होतं, केसांचा आणि कोटाचा तपशील जायचा. फोटोच्या सॉफ्टवेअरमधल्या कर्व्हने गडद भाग थोडा उजळ केला. झाक मात्र दुसऱ्या दिवशी, शाई नीट वाळल्यावरच तपासा.

आता अडचण एकच. जवळच्या दुकानांत काळी, निळी, पिवळी मिळते, करडी मात्र पूर्ण संच घेतला तरच. माझी सगळ्यात आधी तीच संपते. वर्धा, अमरावती किंवा नागपुरात करडी सुटी कुठे मिळत असेल तर कृपया कळवा.