नव्या भाताच्या कांडपासाठी तिठ्यावरची गिरणी

आश्विन लागला की सिंधुदुर्गातल्या घरांत हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे भात कधी कापायचे याची चर्चा सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ ते कांडायला कुठे न्यायचे हा प्रश्न येतो. कापणीचा दिवस परतीचा पाऊस ठरवतो, त्यात आपले काही चालत नाही. कांडपाचे ठिकाण मात्र आपल्या हातात असते आणि आमच्या घराने ते गेल्या काही हंगामांपासून ठरवून टाकले आहे. कुडाळहून मालवणकडे जाताना एका तिठ्याजवळ पत्र्याच्या छपराची एक भातगिरणी लागते. तिचा फलक कधीच पुसट झाला असून गावातले लोक तिला नुसती ‘तिठ्यावरची गिरण’ म्हणतात.

इथे जुना हलर आणि रबरी रुळांचा शेलर अशी दोन्ही यंत्रे आहेत. हलरमध्ये भात घासून निघत असल्यामुळे कणी जास्त पडते आणि तूस व कोंडा एकत्र बाहेर येतात. शेलरचे दोन रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यांच्या ओढीने तूस अलगद सुटते आणि दाणा बहुतांशी अखंड राहतो. चांगल्या वाळलेल्या १०० किलो भातातून साधारण ६५ किलो तांदूळ हाती यावा अशी अपेक्षा असते, आणि इथे तो हिशेब फारसा चुकत नाही. सुमारे २० किलो तर तूसच असते, हे ठाऊक नसलेले गिऱ्हाईक दरवर्षी एखादे तरी वजनकाट्यापाशी भांडताना दिसते.

परंतु या गिरणीची शिफारस करण्याचे माझे खरे कारण यंत्र नसून तिथले मालक आहेत, कारण ते आलेले भात परत पाठवतात. पोते उघडल्यावर मूठभर दाणे तळहातावर घेऊन ते एकेक दाताखाली धरतात. दाणा कट्कन तुटला तर पोते आत जाते आणि नुसता चेपला तर गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो, ‘भात अजून वला आसा, आनी दोन उन्हां दाखवन हाडा’ (आणखी दोन उन्हे दाखवून आणा) एवढेच ऐकून त्याला गाडी वळवावी लागते. कांडपासाठी भातातला ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास असावा असे जाणकार सांगतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी कडक ऊन आणि दुपारनंतर गडगडाट असा प्रकार असल्यामुळे अंगणातले भात वरून वाळल्यासारखे दिसते, पण आत ओल धरून असते. असे भात कांडले की कणीचा ढीग होतो आणि उरलेल्या तांदळाला पुढे वास येऊ लागतो. दुसरी एखादी गिरणी ते निमूट कांडून पैसे घेईल, आणि नवान्न पौर्णिमेच्या आधी तांदूळ घरात हवा अशी घाई असलेल्यांना तीच बरी वाटेल. मला मात्र परत पाठवणारी गिरणी अधिक भरवशाची वाटते.

दुसरी जमेची बाजू म्हणजे तांबड्या तांदळाची जाण. वालयसारख्या गावठी भाताचा रंग दाण्याच्या वरच्या कोंड्याच्या थरात असतो, त्यामुळे पॉलिश वाढवले की रंग आणि कस दोन्ही कोंड्याबरोबर निघून जातात. इथे न विचारता पॉलिश करत नाहीत, हलका हात हवा की मध्यम हे आधी विचारून घेतात. अशा कमी सडलेल्या तांदळात तेलाचा अंश राहत असल्यामुळे तो फार काळ टिकत नाही, म्हणून वर्षभराचे भात एकदम न कांडता महिन्या-दोन महिन्यांपुरतेच आणावे, हा सल्लाही ते स्वतःहून देतात. वास्तविक असा सल्ला कोणत्याही धंदेवाल्याने द्यावा की नाही हा प्रश्नच आहे, पण गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते ते बहुधा त्यामुळेच. उकड्या, म्हणजे उकडून वाळवलेल्या भातासाठी आठवड्यातले दिवस वेगळे ठेवलेले आहेत, तेव्हा पेजेचा तांदूळ करून घ्यायचा असेल त्यांनी आधी विचारून जावे.

शनिवार-रविवारी ओरोसच्या कचेऱ्यांत नोकरी करणारे आणि कापणीसाठी मुंबईहून आलेले असे सगळेच एकदम येतात, त्यामुळे खोळंबा होतो. बसायला एक बाकडे आणि फणसाची सावली आहे. एरवी वर्षभर फक्त मोबाइलवर भेटणारे शाळेतले मित्र तिथे पोत्यांवर बसलेले सापडतात, कोणाचे कर्जत-१८४ जातीचे भात आडवे झाले, कोणाकडे सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने कामाला, माणसे मिळाली नाहीत, याची देवाणघेवाण होते आणि नंबर लागेपर्यंत एकमेकांच्या पिशवीत वानवळ्याचा, म्हणजे नव्या पिकातल्या भेटीचा, शेरभर तांदूळ जाऊन पडतो. आमच्या कार्यालयात डब्याच्या वेळी या वानवळ्यांचीच तुलना चालते. नवा भात मऊ होतो, त्याला पाणी कमी घालावे लागते, हे ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याच्या डब्यातला लगदा आम्ही दरवर्षी शांतपणे खातो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तुसाची धूळ एवढी उडते की दमा असलेल्याने आत पाऊल टाकू नये. वीज गेली की जनरेटर नाही, त्यामुळे कधी कधी भात तिथेच ठेवून परतावे लागते. आधीच्या गिऱ्हाईकाचा पांढरा तांदूळ यंत्रात उरलेला असतो आणि तो आपल्या तांबड्या तांदळात मिसळतो. त्यावर उपाय म्हणजे आपल्या आधी तांबडे भात कांडले जात असेल तेव्हाच नंबर लावावा, नाहीतर सुरुवातीचे चार-पाच किलो वेगळे काढून घ्यावेत. कोंडा गिरणीत ठेवला तर कांडणावळ कमी पडते, पण ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत त्यांनी तो सौदा न केलेलाच बरा. पावती मागितली तर वहीच्या कोऱ्या पानावर आकडा लिहून देतात.

पोह्यांची सोय मात्र इथे नाही. दिवाळीच्या पोह्यांसाठी भात भिजवून न्यायचे असेल, तर त्यासाठी वेगळी गिरणी शोधावी आणि ती वसुबारसेच्या आधीच गाठावी, कारण त्यानंतर तिथली रांग रस्त्यापर्यंत येते.