पुन्हा पुन्हा धरणारी कंबर: आतले स्नायू 'जागे' करावेत की सरळ व्यायामाला लागावं?

ज्यांची कंबर धरते, सुटते आणि पुन्हा धरते, त्यांना फिजिओथेरपिस्ट सहसा दोनपैकी एक वाट सांगतात. एक म्हणजे पोटाचा सर्वांत आतला ट्रान्सव्हर्सस आणि मणक्यालगतचा मल्टिफिडस हे स्नायू नेमके हेरून हलकेच आवळायला शिकणं. दुसरी म्हणजे ब्रिज (उताणं झोपून कंबर वर उचलणं), बर्ड-डॉग (ओणवं होऊन विरुद्ध बाजूचे हात-पाय लांबवणं), साइड प्लँक (कुशीवर, कोपराच्या आधारानं शरीर सरळ उचलून धरणं), चालणं आणि हळूहळू वाढवलेलं वजन. मी दोन्ही केल्या आहेत.

पहिलीमागचा विचार मला आजही पटतो. हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं, की निरोगी माणसात हात उचलला जाण्याआधीच ट्रान्सव्हर्सस कामाला लागतो. कंबरदुखीवाल्यांत तो मागे पडतो. हाइड्स यांच्या २००१ च्या अभ्यासात हे व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्के लोकांची कंबर वर्षभरात पुन्हा दुखली, न केलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांची. फरक मोठा आहे. मात्र लोक होते अवघे ३९, आणि तुलना दुसऱ्या कुठल्या व्यायामाशी नव्हती.

मला नडलं ते वेगळंच. क्लिनिकमध्ये उताणं झोपल्यावर कंबरेखाली दाब दाखवणारा काटा जोडलेली हवेची पिशवी असायची. काटा ४० वर स्थिर राहिला की जमलं. घरी काटा नाही. बेंबीखाली बोटं रोवून पडलं, की हाताला लागतंय ते आतलं आवळणं की वरच्या स्नायूचा ताठरपणा, हे कळायचं नाही. तेवढ्यात श्वास कोंडलेला असायचा. पुढे पुढे तर बादली उचलतानाही आधी पोट तपासायची सवय लागली. कंबरेवरून लक्षच हटेना.

साइड प्लँकमध्ये ही शंका नाही. खुबा खाली आला की दिसतो, कालच्यापेक्षा जास्त वेळ टिकलो तर तेही कळतं. शिवाय आतले स्नायू त्यातही काम करतातच.

जुनाट दुखण्यावरच्या २०१६ च्या कोक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) पहिली वाट इतर व्यायामांपेक्षा फारशी सरस ठरली नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत तर टप्प्याटप्प्यानं चालणं वाढवणाऱ्यांचं दुखणं परतायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, हा कार्यक्रम न दिलेल्यांचं ११२.

दुखणं नुकतंच उतरलंय आणि ब्रिजही झेपत नाही, अशा वेळी काही आठवडे पहिली वाट धरायला माझी हरकत नाही, तेही शिकवणारा समोर असेल तर. एरवी, निदान माझ्या अनुभवापुरतं, चालणं आणि साइड प्लँक यांपासूनच सुरुवात करावी.