ले त्रोयाँ, पॅरिस २००३: वेळ काढून बघाच

फ्रेंच संगीतकार बर्लिओझचा हा ऑपेरा (आधी ट्रॉयचा पाडाव, मग कार्थेजची गोष्ट) चार तासांचा आहे म्हणून मी कितीतरी दिवस टाळत होतो, पण शातले थिएटरमधलं कंडक्टर गार्डिनरचं २००३ चं रेकॉर्डिंग लावलं आणि उठवेचना! गायिका अँतोनाचीची कसांद्रा, म्हणजे भविष्य कळणारी ट्रॉयची राजकन्या, नुसती बघत राहावी, ओरडून सांगतेय की ग्रीकांचा लाकडी घोडा आत घेऊ नका आणि कोणी ऐकतच नाही, तेव्हा तिच्या मानेच्या शिरा दिसतात क्लोजअपमध्ये. वाद्यं बर्लिओझच्याच काळातली, ब्रासचा (पितळी वाद्यांचा) आवाज जरा खरखरीत, मला तोच आवडला. स्टेजवरच्या मोठ्या आरशामुळे गर्दी दुप्पट वाटते. सुझन ग्रॅहमची दिदो, कार्थेजची राणी, शेवटी रडवते. बिचाऱ्या बर्लिओझला १८६३ मध्ये फक्त कार्थेजचाच भाग बघायला मिळाला, तोही काटछाट केलेला.