हेक की टॉरोस?

कुरणात ऑरॉक्ससारखी, म्हणजे आजच्या गुरांच्या रानटी पूर्वजासारखी गुरं सोडायचीत, पण कोणती? एक लक्षात ठेवा: खरा ऑरॉक्स १६२७ मध्ये पोलंडमध्ये संपला, हेक आणि टॉरोस या दोन्ही जाती त्याच्या नकलाच.

उंचीत हेक सपशेल मार खातं. ऑरॉक्सचा नर खांद्याशी १६०-१८० सेंमी. जर्मनीतल्या हेक बंधूंच्या गुरांतला वळू १४० च्या आसपासच अडतो. नेदरलँड्समध्ये २००८ पासून घडणाऱ्या टॉरोसमध्ये सायाग्वेसा, मारेम्माना अशा उंच जातींचं रक्त आहे. शिंगंही बघा: ऑरॉक्सची पुढे येऊन आत वळायची, हेकची बरेचदा नुसती वर जातात. काटक दोन्ही. मात्र टॉरोसची वासरं अजून एकसारखी निघत नाहीत.

झुडपं आटोक्यात ठेवायला हेक पुरे. रूपही हवं असेल आणि धीर असेल, तर टॉरोस.