सोनोग्राफीत न दिसलेला खडा : अकोल्यातल्या एका मूत्रविकार दवाखान्याचा अनुभव

रिपोर्ट सगळे चांगले येतात आणि दुखणं थांबत नाही, असं ज्यांचं चाललंय त्यांनी या दवाखान्यात जरूर जावं. बायकांना तर मी आग्रहाने सांगेन.

मी कापडाच्या दुकानात साड्या दाखवते. लगनसराईत सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहायचं. गिऱ्हाईक समोर असताना काउंटर सोडता येत नाही, बायकांसाठी वेगळं बाथरूम नाही, त्यामुळे आम्ही सगळ्याजणी पाणी घोटघोटच पितो. आणि मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जातो. लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा घरचे म्हणाले, उन्हाळी लागली. धण्या-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, उतार नाही. सारखं लघवीला जावंसं वाटायचं, व्हायची थेंबभर, आणि डाव्या कमरेतून निघालेली कळ जांघेत उतरायची. एका ठिकाणी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या. लघवीच्या तपासणीत जंतू निघालेच नाहीत. सोनोग्राफी नॉर्मल. मग ‘टेन्शन घेत जाऊ नका ताई’ असं सांगून घरी पाठवलं. रात्रभर पोट धरून बसलेल्या माणसाला हे वाक्य फार लागतं.

इथल्या डॉक्टरांनी फाईल उघडण्याआधी मला बोलू दिलं. कळ कुठून निघते, कुठे थांबते, मळमळतं का, घरात कुणाला मुतखडा होता का. माझ्या वडिलांना होता; हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी समजावलं की मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी मूत्रनलिका आतड्यांच्या मागून खाली येते, पोटात गॅस असला की सोनोग्राफीत तिथला लहान खडा सुटू शकतो. साधा सीटी स्कॅन लिहून दिला, त्यात इंजेक्शन नसतं. पण आधी पाळीची तारीख विचारून दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली. खडा सापडला. ४ मिमीचा, नलिका मूत्राशयाला मिळते त्या तोंडाशीच. तिथे अडकलेला खडा अगदी इन्फेक्शनसारखीच जळजळ करतो म्हणे. दुखण्याला कारण आहे हे कळलं आणि मी तिथेच रडले. नर्सबाई पाणी घेऊन शेजारी बसल्या, त्यांचे उपकार आहेत.

ऑपरेशनची घाई त्यांनी केली नाही. ५ मिमीपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, म्हणून रात्री घ्यायची, नलिका सैल करणारी टॅमसुलोसिनची गोळी, दुखण्याची वेगळी, आणि लघवी गाळून पाहायला एक गाळणी. रात्रीच्या गोळीने चक्कर येऊ शकते, पहाटे एकदम उठायचं नाही, हेही सांगितलं. शिवाय मराठीत छापलेला कागद दिला: थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात किंवा लघवी बंद झाली, तर मध्यरात्र असली तरी या. अडलेल्या मूत्रपिंडात जंतू शिरले तर जिवावर बेतू शकतं.

खडा पडला. तपासणीत कॅल्शियम ऑक्सलेटचा निघाला. शेजारपाजारच्यांनी दूध आणि टोमॅटो सोडायला लावले होते. डॉक्टर म्हणाले, दूध मुळीच बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम हे पालकासारख्या भाज्यांतून येणाऱ्या ऑक्सलेटला आतड्यातच धरून ठेवतं. टोमॅटोही चालेल. पालक कमी करा, मीठ तर नक्कीच. लिंबूपाणी घ्या. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी, त्या हिशोबाने पाणी. सासूबाईंच्या कुळथाच्या पिठल्यालाही त्यांची ना नव्हती, फक्त त्याच्या भरवशावर औषध सोडू नका म्हणाले.

आता जे खटकलं ते. काउंटरवर भरल्या खोलीत मोठ्याने ‘लघवीला काय त्रास?’ असं विचारतात. वयस्कर बाया तिथून मुकाट परत फिरताना मी पाहिल्या आहेत. चिठ्ठीवर लिहून घ्या ना. नंबर लावूनही दोन-दोन तास थांबावं लागतं, ते एक वेळ सोसेन. पण सोनोग्राफीसाठी तट्ट भरलेलं मूत्राशय घेऊन बसलेले पेशंट, आणि पुरुष-बायकांत मिळून एकच संडास, त्याची कडीही नीट लागत नाही. डॉक्टरसाहेब, एवढं आधी करून घ्या.