जुन्या एफ-१०० ला नवं इंजिन, नवं सस्पेन्शन: एका गाडीचं घ्यावं की चार गाड्यांचं?

१९६७ ते ७२ मधली फोर्ड एफ-१०० पिकअप दारात उभी आहे, पत्रा बरा आहे आणि आता तिला रोज चालवण्याजोगी करायची आहे, इथवर तुम्ही आला असाल, तर पुढची चर्चा दोन नावांवर येऊन अडते. एक जण सांगतो, पुढे मस्टँग-टूचं किट, म्हणजे त्या छोट्या फोर्डच्या धाटणीचं तयार सस्पेन्शन, लाव आणि शेव्हीचं, म्हणजे शेव्हरोलेचं, ५.३ लिटरचं इंजिन बसव. दुसरा सांगतो, एक क्राउन व्हिक्टोरिया, म्हणजे पोलीस वापरायचे ती फोर्डची मोठी गाडी, आण आणि तिचंच सगळं काढून घाल. मी दोन्ही वापरल्या आहेत. १९६९ ची गाडी किट आणि ५.३ सकट तयार झालेलीच विकत घेतली होती, ती तीन वर्षं चालवली. १९७१ ची मात्र मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजात मी स्वतः २००८ च्या एका पोलीस क्राउन व्हिकवरून केली. तिला आता पाच वर्षं होतील. म्हणजे जे सांगतोय ते या दोन गाड्यांपुरतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, हे आधीच मान्य.

मूळचं सगळं तसंच ठेवावं का, यावर फार वेळ घालवत नाही. ७१ मध्ये ३६० क्युबिक इंचांचं, फोर्डच्या जुन्या एफई घराण्यातलं इंजिन होतं. वजन साडेसहाशे पौंडांच्या आसपास, ताकद कागदावर २१५ हॉर्सपॉवर आणि तीही जुन्या, फुगवून सांगायच्या पद्धतीची. पेट्रोल मात्र पाण्यासारखं. पुढे ट्विन आय-बीम, म्हणजे प्रत्येक चाकाला एक अखंड लोखंडी तुळई, ती चाकं वळतात त्या खिळी म्हणजे किंगपिन, आणि ड्रम ब्रेक. ट्विन आय-बीमला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, शेतावर आणि खडीच्या रस्त्यावर ती व्यवस्था दणकट आहे. पण आय-७५ या हमरस्त्यावर ताशी सत्तर मैलांनी जाताना स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडे सावरत बसावं लागतं, आणि स्प्रिंग बसल्या की चाकं आतून कलतात, टायर आतल्या कडेनं खाल्ले जातात. गाडी महिन्यातून एकदा प्रदर्शनापुरती काढणार असाल तर तिला हात लावू नका. रोज चालवणार असाल तर पुढे वाचा.

इंजिनाच्या बाबतीत ५.३ सरस आहे, हे आधी सांगून टाकतो. जीएमच्या, म्हणजे शेव्हीच्या मूळ कंपनीच्या, ट्रकमधून ते १९९९ पासून आलं, सुरुवातीच्या काही वर्षांत २७० ते २९५ हॉर्सपॉवर, आणि खालच्या आरपीएमला त्याची ओढ खरोखर सुखाची. हौद्यात अर्धा टन माती भरून चढावर निघालं तरी ६९ कुरकुरत नसे. पुशरॉडचं असल्यामुळे, म्हणजे कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असल्यामुळे, वरून अरुंद आहे, आजूबाजूला हात घालायला जागा राहते. इग्निशनमधला चोरीविरोधी लॉक संगणकातून बंद करता येतो, सुटं वायरिंग तयार मिळतं, आणि अडलात तर तोच प्रश्न तुमच्याआधी हजार लोकांना पडलेला असतो. त्रास दोन-तीनच. मागच्या टोकाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात. ट्रकचं ऑइल पॅन खोल असतं, गाडी खाली घेतली की तेच सगळ्यांत खालचं टोक होऊन बसतं, म्हणून दुसरं पॅन घ्यावं लागतं. आणि फोर्डमध्ये शेव्ही बघून पेट्रोल पंपावर कोणी ना कोणी थांबून बोलतंच. मला त्याचं काही वाटलं नाही.

क्राउन व्हिकचं ४.६ लिटरचं इंजिन त्यामानानं शांत. २००४ नंतरच्या पोलीस गाडीत २५० हॉर्सपॉवर, पण ती वरच्या आरपीएमला जाणवते. ओव्हरहेड कॅम असल्यामुळे, म्हणजे कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असल्यामुळे, इंजिन चांगलंच रुंद आहे. एफ-१०० च्या बॉनेटखाली मात्र एक माणूस उभा राहून काम करील एवढी जागा असते, त्यामुळे रुंदी आड येत नाही. २००१ पर्यंतच्या ४.६ चे प्लॅस्टिकचे इनटेक मॅनिफोल्ड पुढच्या बाजूला तडकतात आणि कूलंट गळतं, म्हणून त्यानंतरचीच गाडी बघा. मी तर २००३ पासूनची बघा म्हणतो, कारण सस्पेन्शनसाठी तीच लागते. पोलीस गाडी असेल तर किती मैल चालली यापेक्षा किती तास उभी राहून चालू होती ते विचारा. काही वर्षांच्या पोलीस मॉडेलांत इंजिनाच्या तासांचं मीटरच असतं.

म्हणजे निव्वळ इंजिनावर निकाल द्यायचा तर मी ६९ ला कौल दिला असता.

आता पुढचं सस्पेन्शन. मस्टँग-टू ही १९७४ ते ७८ मधली छोटी गाडी, आणि किटांना आजही तिचंच नाव आहे. चांगल्या किटात आर्म जाड नळीचे आणि क्रॉसमेंबर भक्कम असतो, त्यामुळे ट्रकचं वजन पेलत नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या ६९ नं ते तीन वर्षं पेललं. पण क्राउन व्हिकचं पुढचं सस्पेन्शन मुळातच चार हजार पौंडांच्या वर वजनाच्या गाडीसाठी, तेही फुटपाथवर चढवल्या जाणाऱ्या पोलीस गाडीसाठी केलेलं आहे. २००३ पासून ते एका ॲल्युमिनियमच्या क्रेडलवर, म्हणजे सांगाड्यावर, येतं: रॅक-पिनियन, आर्म, बारा इंचांहून मोठ्या डिस्क, इंजिनाचे माउंट, सगळं त्याच एका तुकड्यावर. डोनर गाडीखालून, म्हणजे जिचे भाग काढायचे तिच्याखालून, बोल्ट सोडले की सगळं जसंच्या तसं खाली उतरतं. ७१ ला पहिल्यांदा हमरस्त्यावर नेलं तेव्हा मी दोन मैल स्टिअरिंगवर एकच हात ठेवून गेलो. त्याआधी त्या गाडीत तसं कधी जमलं नव्हतं.

तरीही रस्त्यावर दोन्ही गाड्यांत फरक उन्नीस-बीसचाच. निकाल लागला तो दुसऱ्याच गोष्टीवर.

सप्टेंबरमधला लेबर डेचा वीकेंड होता, रविवार दुपार. बायको आणि मुलगी शेजारी बसलेल्या, आम्ही ६९ घेऊन उत्तरेला निघालो होतो. ग्रेलिंगच्या पुढे ब्रेक दाबला की पुढच्या उजव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. पुढच्या गावात पार्टसचं एक दुकान उघडं सापडलं. चाक काढलं, संपलेला पॅड हातात घेऊन काउंटरवर गेलो. तिथल्या मुलानं विचारलं, "वर्ष, कंपनी, मॉडेल?" मी सांगितलं, १९६९, फोर्ड, एफ-१००. त्यानं आतून ड्रमचे ब्रेक शू आणले. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्या गाडीला ड्रमच असतात. मग मी म्हणालो, मस्टँग-टूचं बघ. त्यानं पॅड आणले, माझ्या पॅडशेजारी ठेवले, आकारच वेगळा. तिसरा खोका उघडला, चौथा उघडला. काउंटरवर पॅडांची रांग लागली आणि माझ्यामागे माणसांची.

शेवटी आतून एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी पॅड उलटा करून पाहिला आणि म्हणाले, हे जीएमच्या मेट्रिक कॅलिपरचं, त्यांच्या एस-१० या छोट्या पिकअपचं मागव. ते बरोबर निघालं. पण तोवर डिस्कवर बोट अडकेल एवढी चर पडली होती, आणि डिस्क होती फोर्ड ग्रॅनाडाची, १९७५ ते ८० मधल्या. म्हणजे स्पिंडल मस्टँग-टूच्या, कॅलिपर जीएमचे, डिस्क ग्रॅनाडाची आणि इंजिन शेव्हीच्या ट्रकचं. किटांमध्ये हे सर्रास असतं, त्यात गैर काही नाही. फक्त कुठली वस्तू कुठल्या गाडीची, हे माझ्यापाशी कुठेच लिहिलेलं नव्हतं. डिस्क दुकानात नव्हती. सोमवारी सुट्टी, मंगळवारी दुपारी येईल असं सांगितलं. आम्ही दोन रात्री मोटेलमध्ये काढल्या, आणि मंगळवारी मुलीच्या शाळेचा पहिला दिवस होता, तो बुडाला. ती काही बोलली नाही, नवं दप्तर तेवढं घरी तयार ठेवलं होतं. ते मला अजून बोचतं.

७१ झाल्यावर असाच प्रसंग टोलेडोजवळ आला. बाहेरचा टाय रॉड एंड सैल झाला होता, स्टिअरिंगमध्ये खडखड. काउंटरवर तोच प्रश्न. मी सांगितलं, २००८, फोर्ड, क्राउन व्हिक्टोरिया, पोलीस. खोका काउंटरवर आला. दुकानाबाहेरच जॅक लावला, एंड बदलला, आणि जेवणाच्या वेळेला घरी होतो. नंतर अलाइनमेंटवाल्यानंही मशीनमध्ये क्राउन व्हिकचेच आकडे घातले आणि तिथून पुढे ट्रकच्या उंचीप्रमाणे थोडे हलवले. त्या गाड्या २०११ पर्यंत बनत होत्या आणि पोलीस, टॅक्सी मिळून रस्त्यावर अमाप होत्या, त्यामुळे त्यांचे पार्ट अजून तरी कुठल्याही गावात मिळतात.

आता या मार्गाच्या अडचणीही ऐका, कारण त्या छोट्या नाहीत. मूळ चॅसिसचा पुढचा क्रॉसमेंबर कापावा लागतो आणि क्रेडलसाठी प्लेटा वेल्ड कराव्या लागतात. एकदा कापलं की मूळ गाडी परत मिळत नाही. माप मी घेतलं, वेल्डिंग मात्र परवानाधारक वेल्डरकडून करून घेतलं, तिथे हौस करू नका. क्राउन व्हिकचा पुढचा भाग रुंद आहे, चाकाचा ऑफसेट खूप आतला लागतो, म्हणजे जुन्या वळणाची खोलगट, सुंदर चाकं विसरावी लागतात. मी पोलिसांचीच सतरा इंची लोखंडी चाकं ठेवली आणि वर साध्या टोप्या लावल्या, मला ती आवडतात, पण ही आवडीची गोष्ट झाली. पुढे साडेचार इंचांचं बोल्ट सर्कल (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात ते) आणि मागे एफ-१०० चं साडेपाच, म्हणून मागचा एक्सलही बदलावा लागतो. मी फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ नावाचा एक्सल मूळच्या पाट्यांवर बसवला. होय, म्हणजे माझ्याही गाडीत दुसऱ्या गाडीचा एक तुकडा आहेच. आणि तुमची पिकअप १९५३ ते ५६ ची असेल तर हा मार्ग सोडाच, तिच्या मडगार्डांत ही रुंदी मावत नाही. तिथे मस्टँग-टू किटच योग्य.

वायरिंगला सगळ्यांत जास्त वेळ गेला. डोनर गाडीतून पूर्ण वायरिंग अखंड काढलं आणि हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवलं. नको त्या वायरी, म्हणजे खिडक्या, एअरबॅग, सायरन, एकेक करून सोडवल्या. मुलगी शेजारी बसून मास्किंग टेपच्या चिठ्ठ्या लावायची, देवनागरीत: "पंखा", "पेट्रोल पंप", "धूर डावा", "धूर उजवा". तिचा मराठीचा सराव तसा झाला. ५.३ साठी सुटं वायरिंग विकत आणलं असतं तर हे काम एका शनिवारचं होतं. हिवाळा मोकळा नसेल तर हा मुद्दा मनावर घ्या.

एक गोष्ट दोन्ही मार्गांत सारखी, ती आधी करा. या गाड्यांची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. इंजेक्शनच्या इंजिनाला जास्त दाबाचा पंप लागतो, टाकीचं काम काढावंच लागतं, तर मग ती मागे हौद्याखालीच न्या. ७१ ची टाकी हलवण्याआधी एकदा मंडळाच्या गणपतीला त्या गाडीतून गेलो होतो, आरती संपेपर्यंत बायकोच्या पैठणीला पेट्रोलचा वास येत होता. कायद्याचं म्हणाल तर मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही, आणि कॅलिफोर्नियातही १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना त्यातून सूट आहे. विमा कंपनीला इंजिन बदलल्याचं लेखी कळवा.

तेव्हा जड ट्रेलर ओढायचा असेल, हातात वेळ कमी असेल आणि खोलगट चाकं हवीच असतील, तर किट आणि ५.३ घ्या, ती वाईट निवड नाही. घरच्यांना बसवून लांब जायचं असेल तर माझ्या मते क्राउन व्हिक. ५.३ ची ओढ मला अजून आठवते, पण ६९ विकल्याची चुटपूट लागलेली नाही.

आणि किटच घेणार असाल तर ते बसवण्याआधी प्रत्येक भाग कुठल्या वर्षाच्या कुठल्या गाडीचा, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. कोल्हापूरला आमच्या गल्लीतले मिस्त्री पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवायचे, तेव्हा बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं लिहून ठेवायचे: क्लचप्लेट अमक्याची, फॅनबेल्ट तमक्याचा. मीही ७१ च्या बॉनेटच्या आत तसंच रंगवलंय. "पुढचं सगळं: क्राउन व्हिक ०८. मागचा एक्सल: एक्सप्लोरर." दोन ओळींत मावलं. खाली मुलीनं टेपवरची एक चिठ्ठी चिकटवली आहे, "पंखा".