बीटा सेव्हन नॉकआऊट उंदीर: माल एक नंबर, आणून देणाऱ्यांचं मात्र विचारू नका

महापे एमआयडीसीत एका छोट्या प्रीक्लिनिकल लॅबमध्ये (माणसांवर जायच्या आधीचं काम) काम करते मी, विषय आतड्याची इम्युनिटी आणि पेशी एकमेकींना चिकटतात कशा तो. बीटा सेव्हन इंटिग्रिन नसलेले नॉकआऊट उंदीर, म्हणजे ज्यांच्यातलं ते एक जीन मुद्दाम निकामी केलंय असे, आम्ही परदेशातून मागवले आणि तेव्हापासून पुण्याचे, हैदराबादचे, आपल्या इकडचे पण ओळखीचे लोक सारखं विचारतायत की कसे आहेत, घ्यावेत का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी: उंदीर झकास, पाच पैकी पाच. विमानतळापासून महापेपर्यंत आणणारा एजंट, शून्य देता येत नाही म्हणून एक.

आधी हे उंदीर आहेत काय ते. बीटा सेव्हन हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन, ते एकटं कधीच राहत नाही, जोडीदार लागतो. अल्फा फोरबरोबर जोडी जमली की ती रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूच्या मॅडकॅम-वन नावाच्या रेणूला धरते, म्हणजे लिम्फोसाइटला (प्रतिकार करणारी पांढरी पेशी) कळतं की आतडं आलं, इथे थांबायचं. अल्फा ई बरोबर जमली की ती आतड्याच्या अस्तराच्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिनला धरते, म्हणजे आत शिरलेली पेशी अस्तरात टिकून राहते. एक जोडी यायला, दुसरी राहायला. बीटा सेव्हनचं जीनच काढलं की दोन्ही जोड्या एका फटक्यात गायब. जर्मनीत कोलोनला राजेव्स्की आणि म्युलर यांच्या ग्रुपने हे उंदीर केले आणि १९९६ मध्ये नेचरमध्ये छापले, जिवंत उंदराच्या रक्तवाहिनीत मायक्रोस्कोपखाली बघून त्यांनी दाखवलं की बीटा सेव्हन नसलेल्या पेशी आतड्याच्या लिम्फ टिश्यूपाशी वाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून थांबूच शकत नाहीत. सकाळच्या फास्टमध्ये दारापर्यंत पोचलेला माणूस ठाण्याला उतरू न शकता पुढे मुलुंडला जातो ना, तसं. गंमत म्हणजे त्याच ग्रुपने १९९३ मध्ये आयएल-१० (दाह आवरणारं एक प्रोटीन) नॉकआऊट उंदीर दिले होते, ज्यांना आपोआप आतड्याचा दाह होतो, ते आजही अर्ध्या जगाच्या कोलायटिसच्या लॅबमध्ये आहेत.

आता कोणी म्हणेल की मग सरळ अल्फा फोरच का नाही काढत. काढून बघितलंय, १९९५ मध्ये, पिल्लं गर्भातच मरतात कारण प्लासेंटा आणि हृदय दोन्हीकडे गडबड होते. ई-कॅडहेरिन पूर्ण काढलं तर त्याहून वाईट, भ्रूण रुजतच नाही. तिथे मग क्रे-लॉक्स, म्हणजे ठरावीक पेशींतूनच जीन काढायची पद्धत, वापरावं लागतं, व्हिलिन-क्रे लावून फक्त आतड्याच्या अस्तरातून जीन काढायचं, म्हणजे उंदरांच्या दोन लाइन (वंश) सांभाळा, क्रॉस करा, डोक्याला ताप. बीटा सेव्हनवाले मात्र जन्मतात, वाढतात, पिल्लं घालतात, बाहेरून बघून कोणी सांगू शकणार नाही की यांच्यात काही कमी आहे. अ‍ॅनिमल हाउस चालवणाऱ्याला यापेक्षा गोड बातमी नाही.

आता डिलिव्हरी. एथिक्स कमिटी, बायोसेफ्टी कमिटी, इम्पोर्टचे कागद, हे सगळं वेळखाऊ आहे पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यासाठी वेळ धरूनच ठेवा आणि ऑर्डर देण्याच्या खूप आधी फाइल हलवायला घ्या. तक्रार एजंटची. आम्ही लेखी सांगितलं होतं की एसी गाडी पाहिजे, आतलं तापमान २२ च्या आसपास, रस्त्यात कुठे थांबायचं नाही. मे महिना. सहारला कार्गोच्या बाहेर आला साधा टेम्पो, मागे ताडपत्री, आणि ड्रायव्हर मला सांगतो की मॅडम एसी आहे ना, पुढे केबिनमध्ये. मी एजंटला फोन लावला तर हा म्हणे अहो मॅडम उंदीरच आहेत ना, आमच्या गोडाऊनला तर एसीशिवाय फिरतात. शेवटी सगळे बॉक्स केबिनमध्ये घेतले, ड्रायव्हर, मी आणि मांडीवर बॉक्स, असं जेव्हीएलआरवरून ऐरोली ब्रिज करत महापेला आलो, आणि ब्रिजच्या आधी नेहमीचा जाम होताच. एक मादी दगावली. पैसे परत मागितले तर इन्शुरन्समध्ये ट्रान्झिट हीट येत नाही म्हणे. हे कलम आधी वाचून घ्या, खरंच सांगते.

पॅकिंग मात्र पाठवणाऱ्यांचं सुंदर. प्लॅस्टिकचा बॉक्स, खिडक्यांना फिल्टर, आत पाण्याच्या बाटलीऐवजी जेलचे गोळे, त्यातूनच खायचं प्यायचं, सांडायचा प्रश्न नाही. बरोबर हेल्थ रिपोर्ट, कुठले जंतू तपासले, कुठल्या तारखेला, सगळं. आमच्याकडचे अटेंडंट मामा घणसोली गावातले, वीसेक वर्षं उंदीर सांभाळतायत, त्यांनी बॉक्स उघडला, एकेकाला शेपटीच्या मुळाशी धरून तळहातावर घेतलं, दात बघितले, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, चांगले आहेत, फक्त दमलेत. तेवढ्यावर माझा जीव भांड्यात पडला, रिपोर्ट मी नंतर वाचला.

राहायला साधे आहेत. ब्लॅक सिक्स या लॅबमधल्या नेहमीच्या जातीच्या बॅकग्राउंडवर असल्याने काळेभोर, चपळ, थोडे भांडकुदळ, नर एकत्र ठेवले तर पाठीवर चावे दिसणार. मक्याच्या कणसाचं बेडिंग चालतं, खाद्य ऑटोक्लेव्ह केलेलं, पाणी थोडं अ‍ॅसिड घालून. गर्भ १९ ते २१ दिवस, २१ दिवसांनी पिल्लं आईपासून वेगळी, त्यामुळे कॉलनी पटकन उभी राहते. पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेने बेडिंग लवकर ओलं होतं, पिंजरे जास्त वेळा बदला. आणि जनरेटर. वीज गेली की एसी आणि पिंजऱ्यांचे ब्लोअर दोन्ही बंद, हवेशीर बंद पिंजऱ्यात अमोनिया साचायला फार वेळ लागत नाही.

आता खरी टेस्ट, उघडून बघितल्यावर काय दिसतं. एकाच वेतातले दोन घेतले, एक नॉर्मल, एक नॉकआऊट. छोटं आतडं पूर्ण काढून थंड बफरच्या पेट्री डिशमध्ये पसरवलं, चरबी आणि मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा पडदा) हळूहळू सोडवली. नॉर्मलमध्ये मेसेंटरीच्या विरुद्ध बाजूला पायर्स पॅचेस, म्हणजे आतड्यातल्या लिम्फ टिश्यूचे पुंजके, सरळ डोळ्यांना दिसतात, पांढरट फुगीर ठिपके, कात्रीचं टोक टेकवलं तर जाणवतात. नॉकआऊटमध्ये मला दिव्याखाली आतडं तिरकं धरून शोधायला लागलं, आहेत पण चपटे, बारके, काही तर मी आधी मळाचा डाग समजून पुढे गेले आणि परत आले. अस्तरातले लिम्फोसाइट वेगळे केले, म्हणजे आतडं उभं चिरून, धुऊन, ईडीटीएमध्ये (पेशी सुट्या करणारं रसायन) ३७ डिग्रीला हलवून, मग परकॉलवर (घनतेप्रमाणे पेशी वेगळ्या करणारं द्रव) चढवून, तर मधल्या रिंगमध्ये नॉर्मलचा पांढरा पट्टा स्पष्ट आणि नॉकआऊटचा अगदी विरळ. पुस्तकात वाचलेलं असं हाताखाली आलं की नोकरी बरी वाटते.

एक उपयोगी गोष्ट. पीसीआर म्हणजे डीएनएची तपासणी तर कराच, पण रक्ताच्या एका थेंबावर फ्लो सायटोमेट्री (पेशी रंगवून एकेक मोजणं) केली तरी जीनोटाइप, म्हणजे जीन आहे की नाही ते, कळतो, बीटा सेव्हनच्या अँटीबॉडीने लिम्फोसाइट रंगतात की नाही बघायचं. वर सीडी१०३ म्हणजे अल्फा ई पण पृष्ठभागावर दिसत नाही, कारण बीटा सेव्हनशिवाय त्याला वर यायला जोडीदारच नाही. ओळखीसाठी उंदरांचे कान पंच करणाऱ्याने नंबर उलटसुलट टाकले तरी हा चेक पकडतो, आणि नंबर उलटसुलट कुठल्या लॅबमध्ये होत नाहीत.

आता उणी बाजू, मालाची म्हणजे बायॉलॉजीची. दोन्ही जोड्या एकदम जातात, त्यामुळे तुमच्या प्रयोगात पेशी आतड्यात कमी दिसल्या तर त्या आल्याच नाहीत की आल्या पण टिकल्या नाहीत, हे एकट्या या उंदरावरून सांगता येणार नाही. त्यासाठी अल्फा ई चा वेगळा नॉकआऊट शेजारी ठेवा, किंवा नॉर्मल उंदरात अल्फा फोर बीटा सेव्हनची जोडीच ओळखणारी अँटीबॉडी टोचून बघा, डीएटीके३२ नावाची अँटीबॉडी आहे त्यासाठी. ही नुसती पुस्तकी खाज नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारांवरचं औषध वेडोलिझुमॅब, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालेलं, ते फक्त अल्फा फोर बीटा सेव्हन अडवतं. एट्रोलिझुमॅब हे दुसरं औषध बीटा सेव्हनलाच धरायचं, म्हणजे दोन्ही जोड्या, अगदी आमच्या उंदरासारखं, आणि मोठ्या ट्रायलमध्ये त्याचे निकाल कुठे बरे कुठे नाही असे संमिश्र आले. दोन्ही दरवाजे बंद केले की जास्त फायदा होतो असं नाही, हे या उंदरांबरोबर काम करणाऱ्याने डोक्यात ठेवलेलं बरं.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते कंट्रोलबद्दल. नॉकआऊट एका ठिकाणाहून आणि नॉर्मल ब्लॅक सिक्स जवळच्या ब्रीडरकडून असं स्वस्तात उरकू नका, प्लीज. आतड्याच्या कामात उंदराच्या पोटातले जंतू हा अर्धा प्रयोग असतो. २००९ मध्ये लिटमन यांच्या लॅबने दाखवलं की जॅक्सन आणि टॅकॉनिक हे उंदरांचे दोन सप्लायर, दोन्हीकडचे ब्लॅक सिक्सच, पण टॅकॉनिकवाल्यांच्या छोट्या आतड्यात टीएच१७ पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) भरपूर आणि जॅक्सनवाल्यांत जेमतेम, आणि कारण काय तर सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरिया, एक लांबट दोऱ्यासारखा जंतू जो एकांकडे होता आणि दुसऱ्यांकडे नव्हता. जीन जवळपास तेच, पोट वेगळं. मग तुमच्या पेपरमध्ये दिसणारा फरक बीटा सेव्हनचा की सप्लायरचा, हे रिव्ह्यूअरने विचारलं तर काय सांगणार. म्हणून हेटेरोझायगस, म्हणजे जीनची एक प्रत चांगली आणि एक निकामी असलेले, नर मादी घ्या, त्यांचं वेत होऊ द्या, पाव हिस्सा नॉकआऊट, पाव हिस्सा नॉर्मल, उरलेले अर्धे आईबापांसारखे हेट, आणि वेतातलेच भाऊबहीण एकमेकांचे कंट्रोल. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, ऐकायला कसंतरी वाटतं पण त्यामुळे एका पिंजऱ्यात राहणाऱ्यांचे जंतू सारखे होतात, तेही आपल्याच फायद्याचं. जागा जास्त लागते, अर्धे उंदीर वाया गेल्यासारखे वाटतात, अकाउंट्सवाले ओरडतात. ओरडू देत.

आणखी एक, जुने नॉकआऊट बहुतेक १२९ जातीच्या स्टेम सेलमध्ये केलेले आणि मग ब्लॅक सिक्सशी पिढ्यान्पिढ्या क्रॉस केलेले, त्यामुळे काढलेल्या जीनच्या आजूबाजूचा तुकडा १२९ चाच राहतो. कॅस्पेज-वन नॉकआऊटचं २०११ मध्ये असंच उघड झालं, त्यांच्यात शेजारचं कॅस्पेज-११ पण निकामी निघालं आणि कित्येक वर्षांचे निष्कर्ष परत तपासायला लागले. सप्लायरला सरळ विचारा की किती पिढ्या बॅकक्रॉस (ब्लॅक सिक्सशी परत परत क्रॉस), आणि ब्लॅक सिक्सच्या ६जे पोटजातीवर आहे की ६एन वर, कारण ते दोघंही सारखे नाहीत. आम्हाला ईमेलवर दोन दिवसांत नीट उत्तर आलं, त्याचे मार्क वेगळे.

डीएसएस (आतड्याला इजा करून दाह आणणारं रसायन) देऊन कोलायटिस करणार असाल तर डीएसएसचा लॉट बदलू नका, ३६ ते ५० किलोडाल्टनचाच घ्या आणि आधी दोन तीन डोस नॉर्मल उंदरांवर बघून घ्या, तेवढंच. त्यावर वेगळं लिहायला पाहिजे.

कोणी घ्यावेत? लिम्फोसाइट आतड्यात जातात कसे, यावर काम असेल तर डोळे झाकून. अस्तराच्या पेशी एकमेकींना कशा चिकटतात हा विषय असेल तर हे तुमचे उंदीर नाहीत, ते डेस्मोसोम (शेजारच्या पेशींना जोडणारे सांधे) आणि कॅडहेरिनचं जग वेगळं, त्या बाजूचं चांगलं काम आपल्याच खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, झालंय, पहिल्यांदा तिकडचे पेपर वाचा. आणि एकच छोटा प्रयोग करायचा असेल तर कॉलनी कशाला उभी करता, अँटीबॉडीने भागतं.

पुढच्या लाइनला आम्ही जिवंत उंदीर मागवणारच नाहीये. गोठवलेलं स्पर्म नायट्रोजनच्या ड्राय शिपरमध्ये येतं, त्याला मे काय आणि ऐरोलीचा जाम काय, फक्त इकडे आयव्हीएफ आणि भ्रूण सोडायला हात बसलेला माणूस लागतो आणि काही महिने थांबायची तयारी. तसं कोणी ठाणे, नवी मुंबईत पैसे घेऊन करून देत असेल तर खाली लिहा, एजंटचं नाव मात्र मेसेजमध्ये विचारू नका, सांगणार नाही, फक्त गाडी यायच्या आधी तिचा फोटो मागून घ्या.